रावजीला भुईवर घेतलं

दवाखान्यात मलमपट्टी करणारा कोंडीबा कुणाच्या बापाला घाबरत नसे. गिरणीच्या यंत्रात सापडून चेंदामेंदा झालेला हातही तो शांतपणे बांधी. पण लढाईत गेलेल्या दोस्ताची, रावजीची, बायको मथुराबाई आपल्याला शोधत करमाळ्याहून आलीय, व्हरांड्यात बसलीय, हे कळलं आणि गडी आतच दडून बसला. लढाई संपून आठ वर्षं झाली, तरी त्यानं तिला तोंड दाखवलं नव्हतं.

रावजी आणि तो फ्रान्सात एकाच पलटणीत होते. कोंडीबाचं काम जखमी उचलायचं. रावजीच्या मांडीत गोळी घुसली, तेव्हा त्यानंच त्याला आणून खंदकातल्या उंच ओट्यावर, इतर तिघा जखमींशेजारी, स्ट्रेचरसकट ठेवलं. तेवढ्यात जर्मनांचा विषारी धूर आला. कोंडीबानं फडकी भिजवून सगळ्यांची तोंडं बांधली. रावजी घुसमटला, डोळे फिरवायला लागला. कोंडीबाला वाटलं, आटोपलं सगळं. आपल्याकडे जीव जाताना माणसाला कुणी खाटेवर ठेवतं का? त्यानं दोस्ताला उचलून खाली भुईवर घेतलं, तोंडात पाणी घातलं. घटकाभरात रावजी गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांना बजावलं, हा धूर जड असतो, खाली साचतो, जखमींना उंचावरच ठेवत जा. ओट्यावरचे तिघेही वाचले होते. दोस्ती निभावायला गेला आणि त्याच हातांनी दोस्ताला मारून बसला! हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आज मात्र तिच्यापुढं सगळं ओकून टाकायचं, मग तिनं थोबाडीत मारली तरी चालेल, असं ठरवून तो बाहेर आला.

मथुराबाई उठून उभी राहिली. "दादा, येकच इचारायचंय. सासू ह्याच घोरात गेली. मलाबी झोप न्हाय. शेवटाला त्यास्नी कुनी भुईवर घेतलं का? का तसंच अधांतरी गेलं?"

"मीच घेतलं, वयनी. पर..."

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. वाकून तिनं त्याचे पाय धरले आणि व्हरांडाभर ऐकू जाईल अशी रडली.

"वयनी, उठा. माजं ऐका की."

"काय ऐकायचं आता? लई उपकार केलं, दादा. परमुलखात कोन करतंय एवढं?" तिनं डोळे पुसले. कित्येक वर्षांनी पोटभर श्वास घेतल्यासारखी ती दिसत होती. "मला पाठचा भाऊ न्हाय. या भाऊबीजेला मी तुमाला ओवाळनार. याल न्हवं?"

कोंडीबानं तिच्याकडं पाहिलं.

"व्हय," तो म्हणाला.