पिंडासमोरचा शब्द

मी जयराजचा वकील. साताऱ्याच्या कोर्टात लोक मला मागून कोल्हा म्हणतात, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडतं. कोंबड्यांनी खुराड्याचं दार लावून घ्यावं, एवढंच माझं म्हणणं.

दावा चटणीच्या नावाचा होता. कराडजवळच्या एका गावात राजेश्वरी ही बाई सासूनं शिकवलेली कांदा-लसूण चटणी 'मनुबाईची चटणी' म्हणून वर्षानुवर्षं विकत होती. मनुबाई म्हणजे तिची सासूच. नवरा वीरधवल फौजेत. धाकट्या भावाच्या बायकोचा एवढा बोलबाला थोरल्या जयराजला बघवेना. त्यानं तेच नाव ट्रेडमार्क म्हणून स्वतःच्या नावावर नोंदवलं आणि तिच्यावरच बंदी मागितली. तिच्याकडं बिनतोड उत्तर होतं, की नाव आधीपासून ती वापरतेय. ते उत्तर लेखी कैफियत म्हणून कोर्टात वेळेत आलं असतं तर मी हरलो असतो. पण व्यापारी दाव्यात कैफियतीची मुदत एकदा टळली की न्यायाधीशालाही ती वाढवता येत नाही.

समन्स पोचलं आणि थोड्याच दिवसांत मनुबाई गेली.

दहाव्याला मीही संगमावर होतो. आईचं क्रियाकर्म धाकट्याकडं, म्हणून मुंडण केलेला वीरधवल पिंड मांडून बसला. कावळे झाडावर, पण एकही खाली येईना. ऊन चढलं. मनुबाईची धाकटी बहीण लीलाबाई रडत म्हणाली, "आक्काचा जीव पोरांच्या कोर्टात अडकलाय रं!"

सगळी भावकी जयराजकडं बघायला लागली. तो पुढं झाला, हात जोडले. "आई, दावा काढून घेतो. सुखानं जा."

कावळा आला. पिंडाला चोच लावली. बाया हुंदके देऊ लागल्या आणि राजेश्वरी थोरल्या दिराच्या पाया पडली.

घाटाच्या पायऱ्या चढताना जयराजनं मला हळूच विचारलं, "वकीलसाहेब, तिची मुदत कवा सरती?"

मी तारीख सांगितली.

राजेश्वरीच्या वकील चारुलताबाई तिला फोन करकरून थकल्या. तिचं एकच पालुपद. "पिंडासमोर शब्द दिलाय भाऊजींनी. आता मी कोर्टात कागद टाकला तर आत्याबाईंच्या जिवाला शांती मिळंल का?" वीरधवलही सीमेवरून तेच म्हणायचा. गाढवं दोघंही, पण चांगली गाढवं.

मुदत सरली तसा मी अर्ज दिला, की प्रतिवादीचा कैफियतीचा हक्क संपला आहे, निकाल द्यावा. राजेश्वरी कोर्टात धावत आली.

"साहेब, समदी भावकी साक्षीला हाय. ह्यांनी शब्द दिला तवाच कावळा शिवला."

न्यायाधीशांनी विचारलं, "तडजोडीचा कागद आहे का? दोघांच्या सह्यांचा?"

"पिंडावर कोण सही मागतंय, साहेब?"

मी उठलो. "साहेब, मग कावळ्याला समन्स काढू या का?"

कोर्ट खो खो हसलं. न्यायाधीश हसले नाहीत, पण त्यांचे हात बांधलेले होते. मनुबाईच्या नावानं चटणी विकायची नाही, असा कायमचा मनाई हुकूम झाला. त्या दिवशी मला जयराजची किळस आली. फी मात्र मी घेतली.

वर्षश्राद्धाला त्यानं मला जेवायला बोलावलं. चुलीपाशी राजेश्वरीच होती. सासूचं वर्षश्राद्ध, सून येणारच. मनुबाईला आवडायची म्हणून पानात चटणीही होती. लीलाबाईनं घास तोंडात घातला आणि तिचे डोळे भरून आले.

"अगं बाई, ही तर आपली 'मनुबाईची'..."

राजेश्वरी हातातलं पातेलं टाकून धावली आणि तिनं म्हातारीच्या तोंडावर हात दाबला. "आवं मावशी, नाव नका घेऊ! कोर्टाची बंदी हाय मला!"

जयराज तेवढा हसला आणि ताट पुढं सरकवून म्हणाला, "राजेश्वरी, वाढ की अजून थोडी."

तिनं खाली मान घालून वाढली.

बंदी फक्त विकण्यावर होती. जेवताना नाव घ्यायला कोणत्याच कोर्टाची मनाई नव्हती. त्या पंगतीत हे पक्कं ठाऊक असलेला माणूस मी एकटाच. मी भाकरी मोडली, चटणीला लावली आणि जेवत राहिलो.