बाहेरच्या खुर्चीवरचा पंच

रिटायर झाल्यावर आमच्या ह्यांना एकच पद मिळालं, ते पंचाचं. वसईजवळच्या आमच्या गोखिवऱ्यात चोरी होवो, एखादा गाळा फुटो, टेम्पो उलटो, चौकीतला हवालदार पहिला आमच्याच दारात. "शांतारामसाहेब, पंच म्हणून चला. तुमच्यासारखा सज्जन माणूस मी कुठं शोधू?" एवढ्यावर हे हरभऱ्याच्या झाडावर चढायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, की निघाले. मी म्हणायचे, लष्कराच्या भाकऱ्या भाजायला चालले. त्यावर ठरलेलं उत्तर यायचं, "आशालता, शिकल्यासवरल्या माणसानं कायद्याला मदत करायची असते."

पंचाचं काम तसं सोपं. झडती होते तिथं हजर राहायचं, काय सापडलं ते डोळ्यांनी बघायचं, पोलिसांनी लिहिलेलं वाचायचं आणि मग खाली सही करायची. लिहिणाऱ्यानं मनचं काही लिहू नये म्हणून तर दोन तिऱ्हाईत माणसं लागतात. हे सगळं मला कळलं ते अठ्ठ्याण्णव सालच्या श्रावणात, तेही एका वकीलबाईंकडून.

तेव्हा बांगलादेशी शोधायची मोहीम जोरात होती. मंगळवारी सकाळी ह्यांना बोलावणं आलं. मागच्या गल्लीत जरीकामाचा एक गाळा होता, तिथं झडती होती. अर्ध्या तासात हे परत आले.

बुधवारी मर्जिना आली नाही. चार वर्षं माझ्या साड्यांचे फॉल तीच लावत होती. नवरा गेल्यावर पश्चिम बंगालातल्या मुर्शिदाबादहून आली, त्या जरीच्या गाळ्यात काम करायची आणि मागच्याच खोलीत राहायची. दर बुधवारी स्वयंपाकघरात माझ्याबरोबर चहा प्यायची. टाका इतका बारीक, की चष्मा लावूनही दिसायचा नाही. ती आली नाही म्हणून मी वैतागले, कारण मला सत्यनारायणाला नवी साडी नेसून जायचं होतं. माझी अक्कल तेवढीच चालली.

दुपारी पापडीच्या व्हेरोनिका वकील दारात उभ्या. आल्या आल्या त्यांनी एक झेरॉक्स ह्यांच्यापुढे धरली.

"काका, ही सही तुमची?"

"माझीच." सहीचा ह्यांना भारी अभिमान.

बाईंनी मोठ्यानं वाचलं. "दोन पंचांसमक्ष झडती घेतली असता नागरिकत्वाचा कोणताही कागद मिळून आला नाही. सातही इसमांनी बांगलादेशातून आल्याचे कबूल केले." खाली सात नावं होती. सातवं मर्जिना बीबी, वय तीस.

"तिच्या पेटीत रेशनकार्ड होतं, शाळेचा दाखला होता," बाई म्हणाल्या. "झडतीत दोन्ही उचलले, पण ह्या कागदावर आलेच नाहीत. शनिवारी सगळ्यांना सीमेवर नेणार आहेत. एकदा पलीकडे ढकललं की तिला परत कोण आणणार? तिकडे तिचं कुणीच नाही. पेटी उघडली तेव्हा तुम्ही काय बघितलंत?"

हे चष्मा पुसायला लागले.

"तुम्ही आत गेला होतात का?" मी विचारलं.

"आत गर्दी होती. त्यांनी बाहेर खुर्ची दिली, चहा दिला."

"आणि कागद वाचलात?"

"वाचणार काय? कोरा होता. मागाहून भरतात ते. सहा वर्षं असंच चाललंय, कधी काही झालं नाही."

असा राग आला मला! "उंटावरून शेळ्या हाकल्यात तुम्ही," मी म्हटलं. वकीलबाई समोर आहेत ह्याचंही भान राहिलं नाही.

बाई शांत होत्या. शुक्रवारी वसईच्या कोर्टात येऊन खरं काय ते सांगा, एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर ह्यांची पाचावर धारण बसली. न बघता सही केली असं सांगितलं तर उलट आपल्यावरच केस होईल. चौकीशी वैर येईल. सोसायटीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. ही भीती काही खोटी नव्हती. गुरुवारी संध्याकाळी हवालदार गोड बोलून गेलाच. "साहेब, सही माझी आहे, एवढंच म्हणा. बाकी आम्ही बघून घेऊ." तो गेल्यावर हे जेवलेही नाहीत. मला त्यांची दया आली, पण मी ती दाखवली नाही.

शुक्रवारी सकाळी ह्यांनी तोडगा काढला. साप मरावा आणि काठीही मोडू नये, असला. मर्जिनेचं नाव नजरचुकीनं आलं, तिला आपण ओळखतो, असं सांगायचं. बस. बाकी पंचनामा होता तसा राहील, तिचीही सुटका होईल. मलाही ते पटलं.

कोर्टात सातही जण भिंतीला लागून उभे होते. सहा पुरुष आणि शेवटी मर्जिना. तीन दिवसांत वाळून गेली होती. मला बघून तिनं पदर डोक्यावर ओढला.

ह्यांनी ठरलेलं वाक्य म्हटलं. आवाज बरा लागला.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लिहून घेतलं आणि मान वर केली. "म्हणजे ह्या बाईपुरती चूक. बाकीच्या सहा जणांचे कागद सापडले नाहीत आणि त्यांनी कबुली दिली, हे बरोबर? तुमच्यासमोर झालं?"

एक 'हो' म्हटलं की काम झालं असतं. हवालदार दाराशी उभा होता. ह्यांनी त्या सहा जणांकडे पाहिलं. मला वाटतं, तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

"माहीत नाही, साहेब," हे म्हणाले.

"माहीत नाही म्हणजे?"

"मी आत गेलो नव्हतो. बाहेर खुर्चीवर बसलो होतो. सही केली तेव्हा कागद कोरा होता." पुढे म्हणाले, "आणि हा पहिलाच कागद नाही."

साहेबांनी ह्यांना चांगलंच फैलावर घेतलं. एवढ्या लोकांसमोर, सहा वर्षांच्या सज्जनपणाचं सालटं काढलं. हे हात जोडून उभे होते. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, पण त्यांचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

हुकूम झाला की कागदांची चौकशी होईपर्यंत सातांपैकी कुणालाही वसईबाहेर हलवायचं नाही. मर्जिनेचे कागद तिच्या गावाहून फॅक्सनं आले होते, म्हणून तिला त्याच दिवशी सोडलं. इतर सहा जणांना परत कोठडीत नेलं. त्यांचे कागद आहेत की नाहीत, ते आता कुणीतरी निदान बघणार होतं.

बाहेर पायऱ्यांवर हे मर्जिनेपुढे गेले. "माफ कर बेटा. मला माहीत नव्हतं, तू आत आहेस."

"मालूम है, चाचा." ती थकली होती, रागावली नव्हती. "लेकिन मैं अंदर न होती, तो आप आज आते?"

तिनं मग माझ्याकडे पाहिलं.

बुधवारपासून मी ह्यांच्यावर यथेच्छ तोंडसुख घेत होते. पण मंगळवारी सकाळी घरी येऊन हे म्हणाले होते, "सात बांगलादेशी पकडले." ते कोण, कुठले, कुठं पकडले, काय करतात, मी काहीसुद्धा विचारलं नव्हतं. "बरं झालं, ब्याद गेली," असं म्हणाले होते मी, आणि ह्यांच्या हातात आंघोळीचा पंचा दिला होता.