एकाच दोराचे दोन डबे

उंबरटेक गाव टेकडीवर, स्टेशन पायथ्याला. मधे उतारावर रूळ टाकून ट्रॉली केलेली. दोन डबे एकाच दोराला. वरचा खाली निघाला की खालचा वर येतो. म्हणून खालचा डबा कुणासाठी अडवला की वरचं गावही अडकतं.

सत्यशीला नवऱ्याला घेऊन वरच्या डब्यात बसली होती. दत्तरावांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, परभणीला. पॅसेंजरला वीस मिनिटं उरली होती.

"सुकेशनी, सोड की गं."

ट्रॉली चालवणारी सुकेशनी केबिनमधून म्हणाली, "काकू, मॅनेजर साहेब पाहुणे येईपर्यंत थांबव म्हणायलेत."

परवाही असंच झालं होतं. चारशे पायऱ्या उतरेपर्यंत गाडी गेली. रात्रभर दत्तराव बसून राहिले, आडवं झालं की दम कोंडायचा. सत्यशीलानं फोन मागून मॅनेजर नागनाथला लावला.

"नागनाथराव, पेशंट हाय सोबत."

"बाई, पायऱ्या हायेत की. मोठी माणसं यायलीत, जरा समजून घ्या."

"मंग त्यांना आणा पायऱ्यांनी. त्यांचे पाय धड असतील."

फोन बंद झाला. तिनं फोन सुकेशनीला परत दिला. "मी तुला सोड म्हणणार न्हाई आता. तुझी नोकरी हाय."

सुकेशनीनं दत्तरावांच्या पायांकडं पाहिलं. सूज इतकी, की चपलेत पाय शिरत नव्हता. तिनं खालच्या माणसाला फोन लावला.

"हरिओम, डब्यात कुणी हाय का?"

"न्हाई."

"दार लाव."

तिनं बटण दाबलं. अर्ध्या वाटेत दुसरा डबा शेजारून वर गेला. झेंडूच्या माळा, आत गादीच्या खुर्च्या, माणूस एकही नाही. ते बघून सत्यशीलाचं डोकं आणखीच फिरलं.

खाली नागनाथ गुच्छ घेऊन उभा होता. पाहुण्यांचा पत्ता नव्हता. तो काही बोलायच्या आत ती म्हणाली, "बाजूला सरका." गाडी मिळाली.

संध्याकाळी परतल्यावर कळलं, सुकेशनीला कामावरून काढलं. सकाळी सत्यशीला वरच्या डब्यात जाऊन बसली. मागोमाग शेजारची केशरबाई आली, मग गल्लीतल्या बाया. दार लागू देईनात. दोन्ही डबे दुपारपर्यंत जागचे हलले नाहीत.

शेवटी नागनाथ पायऱ्या चढून आला, घामाघूम. "सुकेशनीला घेतो परत. तेवढा माफीनामा लिहून दे म्हणावं तिला."

"माफी कशाची?" सत्यशीलानं विचारलं.

बाया तशाच बसून राहिल्या. चार वाजता सुकेशनी केबिनमध्ये शिरली, काही न लिहिता.