बुजगावण्याची शपथ

मी बुजगावणं बोलतोय. तुम्ही म्हणाल, याला तोंड कुठून आलं? आहे मला तोंड. मडक्यावर चुन्यानं काढलेलं, डाव्या बाजूला जरा वाकडं. राहीबाईनं ते काढलं तेव्हा ती नवऱ्यावर रागावलेली होती, म्हणून तसं झालं.

माझा जन्म सत्त्याऐंशी सालचा, पोळ्याच्या आठवडाभर आधीचा. बेला गावापासून दोन कोसांवर, ज्वारीच्या वावरात महिपतनं एक बांबू रोवला, त्याला आडवी काठी बांधली आणि माझ्या पोटात कडबा भरला. डोक्याला पाण्याचं जुनं मडकं पालथं घातलं. त्याला मागच्या अंगानं मुठीएवढं भोक होतं, पण मागून कोण बघतं? शेवटी अंगात निळ्या रेघांचा एक सदरा चढवला. बुजगावणं म्हणजे धड बाप्या नाही, धड बाई नाही. पण तो सदरा महिपतचा, म्हणून मी स्वतःला बाप्याच समजत आलो.

त्या सदऱ्याची हकीकत सांगितलीच पाहिजे. माझ्या जन्माच्या तीन वर्षं आधी राहीबाई तापानं मरायला टेकली होती. महिपतनं तिला बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात नेलं. एकवीस दिवसांनी तो परत आला तेव्हा गाडीत बरी झालेली बायको होती आणि अंगातल्या बंडीच्या खिशात एक लहानसं पुस्तक होतं. पुढं वर्षभर तो दर रविवारी सायकलवर बेल्याच्या पत्र्याच्या खोलीतल्या प्रार्थनेला जात राहिला आणि एका उन्हाळ्यात पैनगंगेत बुडी घेऊन ख्रिस्ती झाला. त्या दिवशी अंगात हाच सदरा होता.

राहीबाईचं देवाशी काही भांडण नव्हतं. पण विहिरीवर बायका तिची घागर मागं सारू लागल्या, याचं तिला वाईट वाटे. सदऱ्याची कोपरं फाटली तशी तिनं तो माझ्यासाठी आणून टाकला आणि म्हणाली, "घाला याले. तुमच्यावानी हेबी कोनाचं आयकनार नाई."

वावर अमृतरावांचं. ते गावातले मोठे, पंचातले पहिले. महिपत ते बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करायचा. वावराच्या बांधाला लागूनच कडुलिंबाखाली मरीमायचा ओटा होता. शेंदूर फासलेला दगड आणि त्याला चांदीच्या पातळ पत्र्याचे दोन डोळे. पूजा भागाबाई करायची. जुनी म्हातारी, तोंडाची फटकळ, मनाची भित्री. तिथं जे काही बोललं जाई ते सगळं मला ऐकू येई.

आता माझ्या लाजेची गोष्ट. माझं काम पाखरं हाकलायचं. पण मी उभा राहून चार दिवस झाले नाहीत तोच मागच्या भोकातून एक साळुंकी आत शिरली आणि माझ्या डोक्यात तिनं घर केलं. गवत आणलं, सापाची कात आणली, विडीच्या बंडलाचा चकचकीत कागद आणला. समोरून मी डोळे वटारून उभा आणि मागून माझ्या डोक्यात पिल्लांचा किलबिलाट. बाजूच्या वावरातल्या बुजगावण्याला हे कळलं नाही, एवढंच समाधान.

नवरात्राच्या आदल्या दिवशी भागाबाईनं मायचे डोळे काढले, चिंचेनं घासले आणि ओट्यावर उन्हात ठेवून ती तंबाखू मळायला लिंबाआड गेली. साळुंकी उतरली. एक डोळा चोचीत धरला आणि सरळ माझ्या डोक्यात आणून टाकला. टण्ण असा आवाज आला. मी तो अजून विसरलो नाही.

भागाबाई परत आली, एकच डोळा पाहिला आणि ओट्याभोवतीचं गवत चाचपलं. मग इकडंतिकडं बघून उरलेला डोळा तिनं मायला लावला, तोंडाला पदर लावला आणि गावाकडं चालू लागली. संध्याकाळी साऱ्या गावात बोंब झाली: मायचा डोळा चोरीला गेला. उन्हात ठेवला होता हे मात्र ती कुणाला बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी पंच ओट्यावर जमले. आधी प्रश्न निघाला की चोरानं एकच डोळा का नेला? यावर बराच वेळ गेला. मग दौलत उठला. दौलत म्हणजे गावचा तोंडाळ माणूस, कामाला कधी नाही आणि बैठकीला सगळ्यात पुढं. तो मायसमोर उकिडवा बसला, तिच्या नजरेच्या रेषेत हात धरून बघितलं आणि म्हणाला, "गेला तो डोळा कोनत्या वावराकडं पाहे, ते पाहा ना बापा."

सगळ्यांनी माना वळवल्या. गेलेला डोळा महिपतच्या वावराकडं होता. म्हणजे मायला आता महिपतचं वावर दिसत नव्हतं. आणि यंदा ज्वारी कुणाची चांगली होती? महिपतची. एवढा पुरावा कचेरीतसुद्धा मिळत नाही, असं कुणीतरी म्हणालं. शिवाय तो जेवायच्या आधी डोळे मिटून पुटपुटतो, हे दोघांनी पाहिलं होतं.

महिपतला बोलावलं. तो हात पुसत आला. अमृतराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी सोपा रस्ता काढला. आमच्या भागात आळ आला की माणूस बेलभंडार उचलतो. देवासमोर बेलाचं पान आणि हळद हातात घ्यायची, मी केलं नाही म्हणायचं, आणि घरी जायचं. मग कुणी काही विचारत नाही. खोटं बोलला असेल तर देव बघून घेईल, पंचांचं काम संपलं.

"उचल अन् मोकळा हो," अमृतराव म्हणाले.

महिपत म्हणाला, "मालक, डोळा मी नाई नेला. पन भंडार नाई उचलत मी."

अमृतराव म्हणाले, बरं, तुझ्या देवाची घे. तुझं ते पुस्तक आण आणि त्यावर हात ठेव, आम्हाला चालेल. पंचांनी माना डोलावल्या. यापेक्षा जास्त न्याय कोणता?

 महिपत हळूच म्हणाला, "त्याच पुस्तकात लिवलं हाय मालक, शपथच घेऊ नोका. हो तं हो म्हना, नाई तं नाई म्हना."

 असा धर्म पंचांनी कधी ऐकला नव्हता. दौलत म्हणाला की हा तर चोरांच्या सोयीचा धर्म आहे, आपणही जाऊन बघितलं पाहिजे. लोक हसले. अमृतराव हसले नाहीत. त्यांनी सांगितलं: दसऱ्यापर्यंत शपथ घे, नाहीतर वावर सोड आणि गावही सोड. ज्वारी कापायला दुसरा माणूस लावू.

वावरात दाणा दुधात आला होता. अजून महिनाभर, की घरात वर्षाची भाकर येणार होती. मी माझ्या चुन्याच्या डोळ्यांनी ते बघत होतो आणि माझ्याच डोक्यात ती चांदी पडली होती. पिल्लं तिच्यावर बसत होती. माणसाला बोलता येतं आणि तो गप्प बसतो. मला बोलावंसं वाटत होतं आणि येत नव्हतं.

रोज दुपारी राहीबाई भाकर घेऊन यायची आणि माझ्या सावलीत, म्हणजे जेवढी पडते तेवढ्यात, दोघं बसायची. चौथ्या दिवशी तिनं विषय काढलाच.

"उचला ना एकदाचा. मुठभर हळद तं हाय."

"हळदीचं नाई व, राही."

"मंग कायचं?"

त्यानं हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला. म्हणाला, "आजवर मी नाई म्हनलो तं लोकायनं नाई समजलं. आता शपथ घेतली तं त्याचा अर्थ, बिनशपथेचं माह्यं सारं बोलनं खोटं. मंग त्या बुडीत काय धुतलं मी?"

राहीबाई म्हणाली, "दसऱ्यानंतर कुठं जाचं, ते लिवलं हाय का पुस्तकात?"

त्यानं मान हलवली. लिहिलेलं नव्हतं. ती उठली, टोपली उचलली आणि जाताजाता माझ्या सदऱ्याची सुटलेली गुंडी लावली. का लावली कोण जाणे. हाताला काहीतरी काम हवं असेल.

अष्टमीला गोष्ट पुढं गेली. अमृतरावांनाही माणूस घालवायचा नव्हता, असा बटईदार पुन्हा कुठं मिळतो? तेव्हा दौलतनं डोकं चालवलं. तो म्हणाला, माणूस हजर नसला तर त्याचा फेटा ठेवून आपण साखरपुडे केलेत की नाही? केलेत. मग महिपतचा सदरा त्या बुजगावण्याच्या अंगात आहे. बुजगावण्याच्या हातात भंडार द्या. आठ दिवसांत त्याला काही झालं तर महिपत चोर, नाही झालं तर सुटला. शपथ महिपतनं घेतली नाही, त्याचा देव खूश. सदऱ्यानं घेतली, आपली माय खूश.

पंचांना हे इतकं पटलं की त्यांना भूक लागली. जेवून येऊन सगळं गाव वावरात उतरलं. माझ्या हाताच्या काठीला बेलाचं पान बांधलं, हळद फासली, समोर नारळ ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा माणसं माझ्यासमोर हात जोडून उभी होती. खरं सांगतो, क्षणभर मला ते आवडलं.

अमृतराव मोठ्यानं म्हणाले, "महिपतच्या सदऱ्या, मायचा डोळा तू नेला का?"

मी काय बोलणार? दौलत म्हणाला, "नाई म्हनते. मान हालली ना, पाह्यलं?" वाऱ्यानं हलली होती.

तीनदा विचारायचं असतं. दुसऱ्यांदा विचारून झालं. महिपत बांधावर उभा होता. राहीबाईनं त्याचा हात घट्ट धरला होता आणि हलक्या आवाजात म्हणत होती, तुम्ही नुसतं गप्प राहा, तुम्हाला काही करायचं नाही, नुसतं गप्प राहा. आणि खरंच, त्याला काहीच करायचं नव्हतं. आणखी एकदा वारा सुटायचा आणि मी आठ दिवस धड उभा राहायचा अवकाश, की वावर त्याचं, गाव त्याचं.

त्यानं हात सोडवला. ज्वारीतून चालत माझ्यापाशी आला आणि माझ्या गुंड्या काढू लागला.

"काय करून राह्यला गा?" अमृतराव ओरडले.

"माहा सदरा हाय मालक. यानं शपथ घेतली तं ते मीच घेतल्यासारखं होते. बुजगावन्याले घ्याची असंन तं उघड्यानं घेऊ द्या."

खालच्या दोन गुंड्या काजांत अडकून बसल्या होत्या, निघेनात. म्हणून त्यानं सदरा तसाच वर ओढला, डोक्यावरून. सदरा माझ्या मडक्यात अडकला. त्यानं हिसका दिला. मी डोक्यावाचून उभा राहिलो आणि माझं डोकं नारळावर आपटून फुटलं.

खापरांत मायचा डोळा पडला होता. उन्हात लखलखत.

 दौलतच पहिला ओरडला, "घ्या. याच्याच डोक्यात." आणि सगळे एकदम बोलू लागले. शपथेला दोन घटकाही झाल्या नाहीत आणि बुजगावण्याचं मुंडकं गेलं, वर चांदीही त्याच्याच डोक्यातून निघाली. याहून मोठा कौल कोणता? महिपत सदरा छातीशी धरून उभा होता. "मी नाई नेला," एवढंच म्हणाला. पुन्हा म्हणाला नाही. राहीबाई येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. या वेळी तिनं हात धरला तो अडवायला नव्हे.

साळुंकी वर फडफडत शिव्या देत होती. पिल्लं चार दिवसांपूर्वीच उडून गेली होती, देवाची कृपा.

भागाबाई वाकली. तिला डोळा उचलायचा होता, पण तिचा हात मध्येच थांबला. तिनं खापरांतलं गवत चाचपलं. सापाची कात निघाली. चकचकीत कागद निघाला. तिच्याच चोळीचा हूक निघाला. आणि एक पितळी गुंडी निघाली, अमृतरावांच्या कोटाची, जिच्यासाठी पोळ्याला त्यांनी परटाला चोर म्हणून हाकललं होतं. तिनं ती गुंडी अमृतरावांच्या हातावर ठेवली.

"पाखरू हाय," ती म्हणाली. "मीच ठेवला होता डोळा उन्हात. तमाखू खाले गेली मी. भेवानं बोलली नाई."

दौलतला एवढ्यानं पटेना. तो म्हणाला, मग भंडार उचलून सांग, म्हातारे.

भागाबाई सरळ झाली. माझ्या काठीला बांधलेलं बेलाचं पान तिनं सोडवून मायच्या ओट्यावर नेऊन ठेवलं आणि वळून म्हणाली, "त्यानं नाई उचलला तं मी काऊन उचलू? हो म्हनलं ना. हो तं हो."

दौलत लोकांच्या मागं सरकला.

पण पंच बसले होते, नारळ मांडला होता, कुणीतरी दोषी ठरायलाच पाहिजे होतं. पाखराला बोलावता येत नाही. म्हणून चोरीचा माल माझ्याकडं सापडला या कारणानं मी दोषी ठरलो. मला उपटून एक दिवस मायच्या लिंबाला बांधून ठेवलं, डोकं नाही, सदरा नाही, नुसता कडबा. दौलतनं मला दोन लाथाही घातल्या. मी गप्प राहिलो. कसं राहायचं ते नुकतंच पाहिलं होतं.

दसऱ्याला महिपतनं मला परत वावरात आणून रोवलं. भागाबाईनं मडकं पाठवलं होतं, बिनभोकाचं. राहीबाईनं तोंड काढलं, या वेळी सरळ. आणि महिपतनं तोच निळ्या रेघांचा सदरा मला घातला आणि म्हणाला, "घाल आता. आता तुले कोनी काई विचारत नाई."

संध्याकाळी अमृतराव आपट्याची पानं घेऊन आले. महिपत समोरच होता. पण चूक झाली म्हणायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी एक पान माझ्या काठीत खोवलं, ज्वारी बरी आहे म्हणाले आणि निघून गेले. महिपतनं ते पान काढून पुस्तकात ठेवलं.

याला आता दहा वर्षं होऊन गेली. माझा बांबू तिसऱ्यांदा बदललाय, सदऱ्याची तर कॉलर तेवढी उरलीय. वावर अजून महिपतच करतो. विहिरीवर राहीबाईची घागर कुणी मागं सारत नाही, निदान ती समोर असताना. गावच्या लेखी मात्र तो डोळा मीच चोरला. पोरं जाता-येता मला ढेकूळ मारतात.

तुम्ही कधी या बांधानं गेलात तर एक करा. ढेकूळ उचलण्याआधी एकदा मला विचारा, आणि एकदाच विचारा. मी नेला नाही. नाही तर नाही.