इंजिन बंद होईना

काकांचा उजवा कान चाळीस वर्षांत इंजिनांनी खाऊन टाकला होता. डाव्या कानावर मात्र ते अजूनही गाडी गॅरेजच्या फाटकातून आत येतायेताच तिचं दुखणं सांगत. त्यामुळे ते एखाद्या भागाला "बरा आहे" म्हणाले की विषय संपला. पुतणी नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली होती, टर्बोची, म्हणजे इंजिनात जोरानं हवा कोंबणाऱ्या पंख्याची, कामं आता तिच्याकडेच असत, तरी तीही त्यापुढं बोलत नसे.

त्या दिवशीचा ट्रक तिच्यापेक्षा वयानं मोठा होता. लांब नाकाचा, बॉनेट पुढे असलेला. चढाला दम लागतो आणि खालून तेल गळतं, अशी ट्रकवाल्याची तक्रार. तिनं टर्बो उतरवून धुतला आणि आतला दांडा दोन बोटांत धरून हलवला. दांडा हलला. केसभरच, पण हलायला नको होता.

"काका, जरा बघता?"

काकांनी आपल्या जाड अंगठ्यानं दाबून पाहिलं. "चालेल. बरा आहे."

"बसवा हो पटकन!" ट्रकवाला मागे येरझाऱ्या घालत होता. "चारला माल भरायला पोचलो नाही तर खेप दुसऱ्याला जाईल."

तिच्या ओठांवर आलेलं तिनं गिळलं आणि टर्बो बसवला.

गळती बघायला पुढची चाकं जॅकनं उचलून ट्रक लोखंडी घोड्यांवर टेकवला होता. काका हातात दिवा घेऊन इंजिनाखाली सरपटत गेले. एअर फिल्टर अजून बसवला नव्हता, टर्बोचं तोंड उघडंच होतं. तिनं केबिनमध्ये चढून इंजिन चालू केलं.

पहिलं मिनिटभर सगळं ठीक होतं. मग आवाज चढू लागला. तिचा पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता. तिनं खाली वाकून पाहिलं, पेडल मोकळं होतं. तिनं इंजिन बंद करायची केबल खेचली. आवाज आणखी चढला. पुन्हा खेचली, मुठीला घाम फुटेपर्यंत. निळा धूर भसाभसा शेडमध्ये भरू लागला आणि मग तिच्या लक्षात आलं. डिझेल केव्हाच बंद झालं होतं. इंजिन आता स्वतःचंच तेल पीत होतं. हलणाऱ्या दांड्यापाशी गळणारं तेल टर्बोतून आत ओढून जाळत होतं, आणि तेल संपेपर्यंत किंवा स्वतः फुटेपर्यंत थांबणार नव्हतं.

आणि काका त्याच्याखाली होते.

तिनं खाली उडी मारली. "काका, बाहेर या! बाहेर!"

धुरातून त्यांचा एक हात दिसला, दिवा खाली पडलेला दिसला. ते निघाले होते, पण त्यांचा गुडघा वाकत नसे. कोपरांवर इंच इंच सरकत होते. वर इंजिन असं किंचाळत होतं की पत्र्याचं छप्पर थरथरत होतं. इंजिनातला एखादा दांडा तुटून बाजूनं बाहेर आला असता तर त्यांच्या अंगावरच आला असता.

तेवढ्यात केबिनचं दार आपटलं. ट्रकवाला आत चढला होता. त्याचा हात गिअरवर होता.

"टॉपमध्ये टाकून गुदमरवतो!" तो ओरडला. "रस्त्यात असंच बंद करतात!"

रस्त्यात करत असतील. इथं पुढची चाकं हवेत होती. मागच्या चाकांनी एक धक्का दिला की ट्रक घोड्यांवरून घसरून काकांवर बसला असता.

"गिअर टाकू नका! काका खाली आहेत!"

त्याला ऐकू गेलं नाही. ती पायरीवर चढली, खिडकीतून हात घालून तिनं त्याची कॉलर धरली आणि त्याच्या कानात ओरडली, "खाली माणूस आहे!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हात गिअरवरून उडाला.

ती उघड्या बॉनेटकडे धावली. हवा तोडली तरच इंजिन थांबणार होतं. हाती आलं ते पुसायचं फडकं. ते टर्बोच्या तोंडाशी नेलं मात्र, आतून अशी ओढ लागली की तिनं झटक्यानं हात मागे घेतला. फडकं गेलं असतं आणि बोटंही. बाकावर पॅकिंग कापायची जाड फळी पडली होती. तिनं ती दोन्ही हातांनी उचलली आणि टर्बोच्या उघड्या तोंडावर धाडकन दाबली.

फळी चिकटली. पण एका कोपऱ्यातून शिट्टीसारखी हवा आत जातच होती. तिनं इंजिनावर आडवं पडून सगळं वजन फळीवर टाकलं. पोट भाजत होतं. इंजिन घुसमटलं, हिसके देऊ लागलं, सगळा ट्रक घोड्यांवर गदगदा हलला. सरकू नकोस, एवढंच ती मनात म्हणत होती, सरकू नकोस. मग एक मोठा आचका बसला.

शांतता झाली.

काका चाकामागून बाहेर आले तेव्हा भुवयांपर्यंत काळे झाले होते. ट्रकवाला पायरीवर बसला होता. "मी टाकणारच होतो गिअर," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

काका भिंतीला टेकले. बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "दांडा हलत होता ना? तुझ्या बोटांना कळलं होतं."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बरा म्हणालात."

"माझा अंगठा आता बधिर आहे, पोरी. वर्ष झालं." ते जमिनीकडे बघत होते. "सांगायची लाज वाटत होती."

तिला रागही आला आणि रडूही. तिनं भाजलेल्या पोटाला चिकटलेला शर्ट सोडवला, पाणी ओतून घेतलं आणि ट्रकवाल्यासमोर जाऊन उभी राहिली.

"गाडी आज जाणार नाही," ती म्हणाली. "उद्याही नाही. इंजिन उघडावं लागेल."

ट्रकवाल्यानं सवयीनं काकांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" काका म्हणाले. "ती सांगते आहे ना?"