बरणीतलं न संपणारं पाणी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर झालरीच्या कापडाने झाकलेल्या उंच, गोल आसनावर बरणीबाबा बसले होते. शेजारी, त्यांच्या मांडीच्या खाली येईल अशी, लाकडी खोक्यावर ठेवलेली सरळसोट काचेची बरणी होती. तिच्या तळाशी तोटी, मागे पडदा लावलेला कोनाडा. लोक रांगेने येत, कागदी पेला भरून घेत, पण सुरुवातीला काठोकाठ भरलेली बरणी काही रिकामी होत नव्हती.

"मोजणारे दमले, बरणी दमली नाही!" बाबा दर पाच मिनिटांनी गरजत. त्यानंतर टाळ्या.

रांगेत सर्वांत शेवटी माझी ताई आणि तिची मुलगी होती. मुलीचा क्रमांक एकशे बारा.

"ताई, सकाळची गोळी दिलीस का हिला?"

"आता कशाला? एकवीस दिवस हे पाणी, आणि गोळ्या बंद. बाबांनी सांगितलंय."

भाचीला फिट्स येत. गोळ्या चालू असल्यामुळे आठ महिने एकही आली नव्हती. आज त्या थांबल्या होत्या. तिने नुसते डोळे मिचकावले तरी मी दचकत होते.

"तू गणिताची बाई, तुला सगळ्यातच चूक दिसते," ताई म्हणाली.

भाचीने पाणी घेता घेता कंपासपेटीतली पट्टी बरणीला लावली. बाबांचा सेवक ओरडला तेव्हा ती म्हणाली, "नमस्कार करतेय."

घरी तिने औषधाच्या मापाने पेला मोजला. एकशे दहा मिलिलिटर. मग वही उघडली.

"मावशी, बरणीचा व्यास चौदा, उंची वीस. म्हणजे तीन हजार ऐंशी मिलिलिटर. अठ्ठावीस पेले. आम्ही एकशे बारा जण होतो."

"तोच तर चमत्कार!" स्वयंपाकघरातून ताई.

"पण आई, पाणी अजिबात कमी झालं नाही असं नाही. काठापासून तीन सेंटिमीटर आणि एक मिलिमीटर उतरलं होतं." ती पेन्सिल चावत राहिली. "तेवढ्याशा उतारात बारा लिटर निघायचं, तर तळ केवढा हवा?"

मी जागची उठले. एकशे बारा पेल्यांचे बारा हजार तीनशे वीस, भागिले तीन पूर्णांक एक. आलेल्या क्षेत्रफळातून बरणीचा तळ वजा केला. उरलं ते दुसऱ्या कशाचं तरी होतं. नळीने जोडलेल्या आणि बरणीइतक्याच पातळीवर पाणी असलेल्या भांड्याचं.

"पस्तीस!" भाची ओरडली.

ताई पोळ्या लाटत होती. "पस्तीस काय?" तिने विचारलं, पण उत्तराची वाट पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी भर सभेत उभी राहिले. "खोक्याच्या मागे, त्या कोनाड्याच्या पडद्याआड पस्तीस सेंटिमीटर रुंदीचा डबा आहे. पाणी तिथून येतं."

"सरकवा पडदा," बाबा गोड हसले.

आत दोन केरसुण्या आणि एक बादली.

हशा पिकला. "बाई, शाळेत जा परत!" कुणीतरी म्हणालं. ताईने मान खाली घातली आणि भाचीचा हात धरून पुढे निघाली. पेला भरायला.

"मावशी," भाची वळून म्हणाली, "पस्तीस ही त्रिज्या होती."

वर्षभर मुलांच्या वह्यांत ज्या चुकीखाली मी लाल रेघ ओढते, तीच मी शंभर माणसांसमोर केली होती. रुंदी सत्तर! सत्तर सेंटिमीटर रुंदीचं गोल असं त्या मंचावर होतं तरी काय?

भाचीने ते आधीच पाहिलं होतं. ती आसनासमोर थांबली. "बाबा, दोन मिनिटं उठता का?"

"आसन सोडलं तर पाण्याचं तेज जाईल, बाळ."

"मग मी बरणी उचलते. ती रिकामी करून पुन्हा भरू या."

"हात लावू नकोस!" बाबांचा आवाज पहिल्यांदाच चिरका झाला.

त्या चिरक्या आवाजाने ताई थबकली. तिने हातातला पेला खाली ठेवला, वाकली आणि आसनाची झालर सरळ वर केली.

निळा प्लॅस्टिकचा पिंप. त्यावर फळी, फळीवर गादी, गादीवर बाबा. पिंपाच्या तळाकडून निघालेली नळी खोक्यातून बरणीच्या बुडात शिरली होती. बरणीतून पेलाभर पाणी काढलं की पिंपातलं पाणी येऊन दोन्हीकडची पातळी सारखी होई. पिंप एवढा रुंद, की उतार नजरेला दिसतच नसे.

भाचीने पट्टी सरकवत सरकवत लावली. "सत्तर," ती म्हणाली.

यावेळी कुणी हसलं नाही. ताईने पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं. एक गोळी मुलीला दिली, घरून आणलेल्या बाटलीतल्या पाण्याबरोबर. आणि म्हणाली, "चल, आधी डॉक्टरांकडे. दोन गोळ्या चुकल्यात, ते सांगायला हवं."

भाचीकडची ती मोजपट्टी कुठल्याही दुकानात मिळते. आपण ती लावत नाही, कारण मोजणं म्हणजे अविश्वास, असं कुणीतरी आपल्याला पटवलेलं असतं. मोजताना चूक होते. माझीही झाली. पण ती पुन्हा मोजून सुधारता येते. जो मोजूच देत नाही, त्याच्या हातून आपल्या लेकरांचं औषध ठरवू नका.