पूजेतून उठवलेली रिकीब

टण्.

जाळीचं दार मिटलं, मी चौकटीवर आपटले आणि दुपारची शांतता मोडली. आतल्या खोलीत गरिमा जागच्या जागी थिजली. आत्ता कुठे तिनं रेवाला थोपटून निजवलं होतं. चादरीकडे बघत, श्वास धरून ती उभी राहिली. चादर हलली. मग चादरीखालून खुदकन हसू आलं.

रेवा झोपलेली नव्हतीच. आईचा मोबाइल घेऊन ती आत काहीतरी बघत होती.

"मम्मी, हा मोटा पुलिसवाला बघ ना. कसा गिरतो घोडीवरून. उसके पेट में से कापूस निकलता है."

गरिमानं बघितलं आणि मोबाइल काढून घेतला. "कुठून आलं हे?"

"शाळेच्या ग्रुपवर. सगळे बघतायत."

"आबांसमोर नाही लावायचं हां. कधीच नाही."

"का?"

"कारण तो मोटा पोलीस म्हणजे आपले आबा."

रेवा उठून बसली. तिचे आबा म्हणजे काठीसारखे सडसडीत. "मग ते पोट?"

"उशी होती ती."

"मग आबांना का नाही दाखवायचं? ते पण हसतील ना."

गरिमानं तिचे केस मागे सारले आणि हळू आवाजात सांगितलं, "आपल्याला लाज वाटते गं त्याची. सगळ्या घरालाच."

मित्रांनो, ते ऐकून मी दाराला चिकटून गप्प राहिले. कारण त्या लाजेतला मोठा वाटा माझा आहे.

मी एक जुनी रिकीब आहे. तुमच्यापैकी कितीजणांना हा शब्द माहीत असेल, कोण जाणे. घोड्यावर बसल्यावर पाय अधांतरी लोंबू नयेत म्हणून खोगिराच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या टांगतात. त्यातली मी उजवीकडची. डावीकडची माझी बहीण. लष्करातल्या एका लोहारानं आम्हां दोघींना एकाच तापातून काढलं. आमच्या कडेला पितळेची बारीक वेल आहे. ती त्यानं कोणी न सांगता घातली होती.

आम्हाला ज्यांनी घडवून घेतलं ते या घराचे पूर्वज सूर्याजी, ग्वाल्हेर संस्थानच्या पागेत स्वार होते. पुढे संस्थान गेलं, पागा गेली, घोडे गेले. आम्ही राहिलो. दर खंडेनवमीला घरातली तलवार निघायची, तिच्या दोन अंगांना आम्ही बहिणी. हळदकुंकू, झेंडूचं फूल, आपट्याचं पान. वर्षभर काही काम नसलं तरी त्या दिवसाच्या मानावर आम्ही वर्ष काढायचो.

मग महिपतरावांनी आम्हाला पुन्हा घोड्याचं अंग दाखवलं. रेवाचे आबा ते हेच. पोलिसांच्या घोडदळात त्यांची नोकरी झाली. सरकारी खोगिराला सरकारी रिकिबी असत, पण परेडच्या दिवशी ते साहेबांची परवानगी काढून आम्हाला लावत. मेळ्याच्या गर्दीत, मिरवणुकीत, कुठे दगडफेक झाली तर तिथेही. त्यांचा पाय मला पाठ झाला होता. पायाचा पंजा तेवढा माझ्यावर, टाच खाली, आणि दाब असा की वाटावं, कुणी विश्वासानं हात धरलाय. त्या पायानं मला कधी दगा दिला नाही आणि मीही त्याला नाही. "आमच्या घरात घोड्यावरून कोणी पडत नाही," असं ते म्हणत. खरंच म्हणत.

ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी आमच्या ग्वाल्हेरला एक सिनेमावाली मंडळी आली. सिनेमाचं नाव 'घोड़े पे थाना'. एक उंच, वाळका इन्स्पेक्टर, ज्याला घोड्याची भीती. दुसरा बुटका, ढेरपोट्या, ज्याचं घोडा ऐकत नाही. दोघांचं जमत नाही, आणि दोघांनी मिळून चोर धरायचे. नट मंडळी मोठी गोड होती, पण घोड्याजवळ गेलं की त्यांना शिंका यायच्या. म्हणून पाठमोरं बसायला त्यांना एक स्वार हवा होता.

एकच हवा होता, बरं का. महिपतराव सकाळी उंच टोपी घालून वाळका इन्स्पेक्टर व्हायचे आणि जेवणानंतर पोटाला उशी बांधून ढेरपोट्या. स्वतःचाच पाठलाग करायचे म्हणा ना. घरी लीलाताई उशी बांधून देताना हसून म्हणायच्या, "अहो, सरळ उभे राहा. लग्नात एवढं पोट असतं तर वडिलांनी दिलीच नसती मला."

सिनेमावाल्यांनी घोडी आणली होती हजीरा वस्तीतून, वरातीची. नाव बिजली. आयुष्यभर बँडच्या तालावर पाय आपटत चाललेली, गुडघ्यांनी थकलेली. खोगीरही वरातीचंच, आरशांचं, आणि त्याला पत्र्याच्या रिकिबी. महिपतरावांनी त्या काढून बाजूला ठेवल्या आणि घरून आम्हाला नेलं. "पाय आपल्याच रिकिबीत बरा," म्हणाले.

मुरारच्या बाजूला एक मोकळं मैदान होतं. उन्हाळा ऐन भरात. घोडी चौखूर येणार, म्हशींच्या डबक्याशी थांबणार आणि ढेरपोट्या इन्स्पेक्टर चिखलात पडणार, एवढंच दृश्य. पण महिपतराव पडेनात.

मुद्दाम अडून बसले होते असं नाही. त्यांच्या अंगालाच पडणं येत नव्हतं. घोडी थांबली की गुडघे आपोआप आवळायचे, मांड घट्ट व्हायची, ते खोगिराला चिकटून राहायचे. दिग्दर्शक ओरडायचा, "फिर से." बिजलीला परत मैदानाच्या टोकाला न्यायचं, परत पळवायचं. तिच्या तोंडाला फेस आला. तिची बरगडी माझ्या लोखंडावर धडधडत होती, मला जाणवत होतं. लगाम धरलेल्या हातालाही जाणवलंच असणार.

"साहब, घोड़ी को पानी दिखा दूँ?" महिपतरावांनी विचारलं.

"पहले गिरो, फिर पानी."

पुन्हा पळवलं. डबकं आलं, बिजली थांबली, तिचे पुढचे पाय थरथरले. आणि मला कधी न कळलेली गोष्ट मला तेव्हा कळली. आधी माझ्या बहिणीतून डावा पाय निघाला. मग माझ्यातून उजवा. घसरला नाही, सुटला नाही. काढला. देवळाच्या पायरीशी चप्पल काढावी तसा, सावकाश, विचार करून. आणि महिपतराव उजव्या अंगानं चिखलात गेले.

उशी फाटली. कापूस उडाला, मिशांना चिकटला. सगळं मैदान हसलं. दिग्दर्शक टाळ्या वाजवत होता. चिखलातून उठून महिपतरावांनी तोंड पुसायच्या आधी लगाम धरला आणि घोडीला पाण्यावर नेलं. पण तोवर कॅमेरा बंद झाला होता.

सिनेमा लागला तेव्हा सगळे भाऊबंद बघायला जाऊन एका ओळीत बसले. कारण महिपतरावांनी घोड्यावरचं काम केलंय, एवढंच सगळ्यांना ठाऊक. सौरवनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, नव्या नवरीला, गरिमाला, बिरला नगरच्या माहेरच्या माणसांसकट नेलं होतं. ते दृश्य आलं. थिएटर हसलं, शिट्ट्या वाजल्या. गरिमाच्या मामानं अंधारात विचारलं, "ये तो आपके ससुरजी हैं ना?" तिनं पदर पुढे ओढून घेतला.

सिनेमा चार दिवसांत उतरला. हसू उतरलं नाही. महिपतराव भाजीला निघाले की पोरं मागून टापांचा आवाज काढायची.

त्या वर्षी खंडेनवमीला चुलतभाऊ शिवाजीराव आले. वयानं मोठे, घरातले कारभारी. पूजेशी बसताना म्हणाले, "महिपत, एक सांग. पडलास कसा?"

महिपतरावांनी तोंड उघडलं. मी वाट बघत होते. तेवढ्यात शिवाजीरावच म्हणाले, "पडलेल्याकडे कारण असतंच म्हणा."

महिपतरावांनी तलवार सरळ केली. मग म्हणाले, "रिकीब सरकली."

"कुठली?"

"उजवी."

"मग ती पूजेत कशाला?" असं म्हणून शिवाजीरावांनी मला फुलासकट उचलून बाजूला ठेवलं. माझी बहीण तिथेच राहिली. महिपतरावांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना बघवलं नाही, असं मी समजते. नंतर कोणीतरी मला दोरी बांधून जाळीच्या दाराला वजन म्हणून लटकवलं. दार आपसूक मिटावं, माश्या येऊ नयेत.

मला राग आला नाही, मित्रांनो. लाज मात्र वाटली. खोट्या आळाचीही लाज खरीच असते. कोणी पाहुणा आला की वाटायचं, माझी पितळी वेल त्यानं बघू नये. मी गंजले तेव्हा बरंच वाटलं, वेल झाकली गेली. महिपतराव ये-जा करताना दार हातानं धरून हळू मिटत, माझा आवाज होऊ देत नसत. घरात दुसरं कोणी तसं करत नाही.

पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. रेवा चालायला लागल्यापासून ते तिला सोफ्याच्या हातावर बसवून स्वारी शिकवतात. खाली दोन बाजूंना ओढणीचे फास. "पंजा दाब. टाच खाली. आणि रिकिबीतून पाय कधी काढायचा?"

"उतरायचं असेल तेव्हाच," रेवा म्हणते.

त्या दुपारनंतर खंडेनवमी आली. सकाळी गरिमा रांगोळी काढत होती, लीलाताई फुलं निवडत होत्या, शिवाजीराव आता काठी टेकत येऊन पाटावर बसले होते. महिपतरावांनी तलवार मांडली, माझी बहीण मांडली. आणि रेवानं स्टुलावर चढून माझी दोरी सोडली. मला फ्रॉकला पुसत आणलं आणि तलवारीच्या उजव्या अंगाला ठेवलं.

"अगं, ती नाही," शिवाजीराव म्हणाले. "ती सरकते. तिनं तुझ्या आबांना पाडलंय."

"नाही पाडलं."

"रेवा, मोठ्यांना असं बोलतात?" गरिमा म्हणाली.

"पण मी बघितलंय ना मम्मी, रोक रोक के." ती आबांकडे वळली. "तुम्ही आधी पाय काढला. मग गिरले. रिकीब हिली पण नाही. तुम्हीच बोलले होते, उतरायचं असेल तेव्हाच पाय काढायचा. मग तुम्ही उतरत होते का?"

लीलाताईंच्या हातातलं फूल हातातच राहिलं. महिपतराव खाली बघत होते. त्यांच्या मिशीचं टोक हलत होतं.

"घोडीला तहान लागली होती," ते म्हणाले. "मी पडल्याशिवाय ते पाणी पाजू देत नव्हते."

शिवाजीरावांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग कुंकवाची वाटी ओढली आणि वाकून, त्रास होत असताना, माझ्या गंजावर बोट टेकवलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी माझ्यासारखी असेल. दाराला लटकवलेली, माळ्यावर टाकलेली. तिला एकदा पुसून बघा. आणि कोणी पडलेलं दिसलं तर हसा, हसू यायचंच. पण हसून झाल्यावर जवळ जाऊन विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा. आमच्या घरात विचारलं गेलं, थांबलं कोणीच नाही. एवढंच माझं मागणं.

महिपतरावांनी मला हातात घेतलं. अंगठ्यानं वेलीवरचा गंज खरवडला. त्यांचा अंगठा तिथेच थांबला, पूर्वी पाय थांबायचा तसा.

गरिमाच्या बोटांना रांगोळी लागलेली होती. डोळे पुसता येईनात म्हणून ती तशीच उभी होती. रेवा तिच्याजवळ गेली, पदर धरला आणि वर बघून विचारलं,

"मम्मी, मग आपल्याला लाज कशाची वाटत होती?"